कोल्हिणीचा चेहरा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी दुपारी टीव्हीवर तुझी कोल्ह्यांची फिल्म लागली. आईने मला दुकान बंद करायला लावलं. एका गिऱ्हाइकाची पँट अर्ध्या शिलाईवर मशीनखाली सोडून वर आले. शेवटी नावं भराभर सरकली तेव्हा आई म्हणाली, मेले लेकीचं नाव धड वाचूही देत नाहीत.

पण नाव कशाला वाचायला हवं? कोल्हा उतारावरून पळतो तेव्हा तुझा कॅमेरा त्याच्यामागे फरफटत जात नाही. तो कुठे वळणार हे ठाऊक असल्यासारखा जरा पुढेच राहतो. आणि ते जमिनीलगत, गवताच्या बुंध्यांमधून पिल्लांचे नुसते पाय दाखवणं! आईचा प्रश्न असा, की एक्कावन्नाव्या वर्षी ही पोटावर पालथी पडते, पण उठते कशी? मी म्हटलं, दोघं जण पाय धरून ओढत असतील.

मला सगळ्यांत भिडलं ते बिळाच्या तोंडाशी. कोल्हीण मेलेलं पिल्लू तोंडात धरून बाहेर येते. पुढचं गवत लख्ख, पातं न् पातं मोजून घ्यावं असं, आणि तिचा चेहरा मात्र धुक्यात गेलेला. मुद्दाम केलंस ना? तिचं दुःख आम्ही टक लावून बघू नये म्हणून? आई तोंड फिरवून बसली. मला तुझा फार अभिमान वाटला.

आईचे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक. लोभ आहेच, तो पत्राच्या लांबीतही दिसू दे.

तुझी,
ठकी

११ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पुढच्या महिन्यात गरुडाच्या घरट्यावर जायचंय. खोलीभर सामान पसरलंय. बॅग भरते, पुन्हा उपसते.

एक काम कर. फिल्म तू रेकॉर्ड केलीच असशील. परत बघ आणि जिथे जिथे चेहरा धुक्यात वाटेल ती प्रत्येक जागा लिहून कळव. कौतुक नको, नुसती यादी. का ते विचारू नकोस आणि आईसमोर बघू नकोस. तुझं पत्र आल्यावर मीही पुन्हा बघितली. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

घाईत आहे. लोभ आहे, हे तुला सांगायला नको.

ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौदा जागा. वेळेसकट यादी सोबत जोडलीय. लांबून घेतलेली एकही नाही, सगळ्या जवळच्या. दर वेळी पुढचंच काहीतरी लख्ख असतं. कधी गवत, कधी काटकी, एकदा नाकाचा शेंडा. डोळा एकदाही नाही.

मग तुझी जुनी पाणमांजरांची फिल्म काढली. तिथे मिशीवरचा थेंब दिसतो, आणि डोळ्यात समोरचा काठसुद्धा दिसतो. ते बघितल्यापासून माझं कशात लक्ष नाही. काल एका कोटाला बाही उलटी जोडली.

फोन केला तर हसून उडवशील, म्हणून लिहूनच विचारते. ताई, डोळे दाखवलेस का? मी जिला माया समजले ती चूक होती का? रागाव हवं तर, पण उत्तर दे.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
ठकी

२३ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

चूकच होती.

गेल्या उन्हाळ्यापासून दाराची चौकट मधोमध वाकलेली दिसते. उजव्या डोळ्याने जास्त, हल्ली डाव्यानेही. आधी वाटलं, थकवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे फोकसमध्ये असतं त्याच्या कडा लाल चमकतात, त्या भरवशावर रेटत राहिले. पण वाऱ्यात हलणाऱ्या गवतात सगळंच चमकतं गं. संकलकालाही तुझ्यासारखंच वाटलं, की मी मुद्दाम केलं. त्याने पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. याची लाज डोळ्यांपेक्षा जास्त खुपते.

डॉक्टरकडे गेले नाही. गेले की आजाराला नाव मिळेल.

गरुडाचं पिल्लू घरट्यातून पहिल्यांदा झेपावतं ते एकदाच. त्या एका क्षणासाठी युनिट दोन वर्षं खपतंय. मी बोलले तर मला पुन्हा कुणी बोलावणार नाही. न बोलले तर ते पिल्लू धुक्यात जाईल, आणि मला कळणारही नाही. खोलीत येरझारा घालते आहे. आईला सांगू नकोस.

ताई

२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस म्हणून हे कुरियरने पाठवतेय. आईला सांगितलं. माझ्याच्याने लपवेना.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्या गिऱ्हाईक आहेत. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या तर दिवस घालवायचे नसतात. पुढचं बिघडणं बहुतेक थांबवता येतं, पण गेलेलं परत येईल असं वचन त्या देत नाहीत. मंगळवारी सकाळी दहाची वेळ घेतलीय.

युनिटला सांगायचं की नाही ते तू ठरव. शहाणपणा शिकवत नाही, तुझ्या जागी मीही लपवलं असतं. आई मात्र म्हणाली, पिल्लू उडताना बघायला सगळं जग आहे, हिच्याकडे बघायला आपण दोघीच. आणि तुझ्या खाटेवरचे कपड्यांचे गठ्ठे हलवायला लागली, गुडघ्यांचं विसरून.

आता लोभ नको, तू ये.

ठकी

२८ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. दिग्दर्शकबाईंनी एवढंच विचारलं, कधीपासून? खरी तारीख सांगितली. संकलकालाही फोन केला. तो म्हणाला, शॉट तरीही सुंदरच आहे. मी म्हटलं, असू दे, फक्त त्याचं श्रेय मला नको.

मग कॅमेरा कुणाला द्यावा, असं बाईंनी मलाच विचारलं. मी घाईवालीचं नाव घेतलं. हो, तीच, जिच्याशी माझं पंधरा वर्षं पटलं नाही. ती क्षणभर आधीच बटण दाबते म्हणून मी तिला किती बोलले असेन, पण पहिल्या झेपेला तसंच माणूस लागतं. तिला माझी टिपणवही दिली. वारा कुठून असला की मादी कुठल्या फांदीवर बसते, सगळं त्यात आहे. तिने आभार मानले नाहीत. तीन प्रश्न विचारले, तिन्ही नेमके. मला आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं. तेव्हापासून हातांना काम नाही. उगाच खिडकीची कडी काढते, लावते.

सोमवारी संध्याकाळच्या गाडीने येते. आईला घरीच ठेव, तू एकटी स्टेशनवर ये आणि फलाटावरच्या दिव्याखाली उभी राहा. गर्दीत चेहरे मला आता लवकर ओळखू येत नाहीत. मी शोधत बसणार नाही, तू आधी हाक मार.

तुझी,
ताई