मंजुषाचा रोबोट आणि माझी विहीर

दौलताबाद

तीर्थस्वरूप दाजींना शिवराजचा दंडवत. इकडं आम्ही मजेत. तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवा. (फोनवरच विचारलं असतं, पण मंजुषाचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता. म्हणून हा कागद.)

तर दाजी, रविवारी तुमची लेक चिकलठाण्याच्या तिच्या कंपनीतून एक पिवळा रोबोट घेऊन चाचणीसाठी माझ्या विहिरीवर आली. दिसायला थेट दुधी भोपळा, मागं पंखा. असले रोबोट म्हणे समुद्राच्या तळाशी एकटे हिंडतात, नकाशे काढतात आणि काम झालं की आपसूक वर येतात. आधी प्रत्येक कामाला माणसांनी भरलेलं जहाज अडकून पडायचं, आता एकाच जहाजातून असे चार-पाच सोडून देतात. मी विचारलं, "याचा रिमोट कुठंय?" तर म्हणाली, "मामा, खोल पाण्यात सिग्नल पोचत नाय. सगळं त्याचं त्यानंच ठरवायचं." मला लई नवल वाटलं. (माझा पंप मोबाईलवर चालतो अन् तरी ऐकत नाय, तो भाग वेगळा.)

सोडला. गपकन खाली गेला अन् वर यायचं नावच घेईना. पोरीचा चेहरा उतरला. ही चाचणी फसली तर रोबोट समुद्रावर जाणार नव्हता, म्हणजे तिची सगळी मेहनत पाण्यात. (तशी ती पाण्यातच होती.) मला राहवेना. ती पलीकडं फोनवर बोलत होती, तेवढ्यात मी बादल्या काढायचा गळ दोरीला बांधून आत सोडला आणि ढवळू लागलो. तिनं पाहिलं मात्र, धावतच आली. "मामा, काढा ते! त्याला तो अडथळा वाटतोय, तुमच्या भ्यानंच तो वर येत नसंल!"

गळ काढला. दोघं काठावर पाण्याकडं बघत बसलो. जरा वेळानं कोपऱ्यात पिवळं डोकं वर आलं. पोरगी हसत होती अन् डोळेही पुसत होती.

मग तिनं लॅपटॉपवर विहिरीचा तळ दाखवला. झरा कोणत्या भेगेतून येतो तेसुद्धा! जन्मभर हिचं पाणी पितोय दाजी, पण तळ पहिल्यांदा बघितला. तवापासून डोक्यात एकच, समुद्राखाली काय काय असंल?

घरात सगळ्यांना आशीर्वाद सांगावेत.

तुमचा मेव्हणा,
शिवराज

ता. क. – मूळ मुद्दा राहिला. रोबोटसोबत मंजुषाला गोव्याहून महिनाभर जहाजावर जायचंय. तुम्ही नको म्हणालात. आता हो म्हणा.

ता. क. – तुम्ही हो म्हणालच असं धरून काल तिला गाडीत बसवलं.

ता. क. – आशाअक्का तुम्हाला सांगून आली तशी माझ्याकडं पापड करायला आलेलीच नव्हती. तीही लेकीसोबत गेली, जहाज सुटेपर्यंत किनाऱ्यावर थांबणार आहे. गाडीत चढताना मला विचारत होती, "शिवा, समुद्राचा पल्याडचा काठ दिसतो का रे?" मी कुठं समुद्र बघितलाय? तुम्ही तरी बघितलाय का? नसंल तर शनिवारच्या ट्रॅव्हल्सची आपल्या दोघांची तिकिटं काढलीत. स्वेटर आणू नका, तिकडं लई उकडतं म्हणे.