मैत्रीच्या पेजेतला शेंगदाणा

प्रिय दादा,

काल तुझ्या भाचीला दवाखान्यात पहिल्यांदा शेंगदाणा भरवला, आणि तिथे आईने तुझं नाव मोठ्याने घेतलं. तू गेल्यापासून ते घरात हळू आवाजातच घेतलं जातं. कालपासून डोकं जागेवर नाही. तुझ्याशी नाही तर कुणाशी बोलू?

तू मामा झालास रे! मुलगी आहे, मैत्री. दात यायच्या आधीच सगळ्यांच्या ताटात हात घालते.

मार्चात चवदार तळ्यावर जायला पाहुणे उतरले होते, घर भरलेलं. आईने कौतुकाने उकडलेलं अंडं कुस्करून तिला थोडं भरवलं. "अंगाला लागंल गो," म्हणाली. जरा वेळाने मैत्रीच्या तोंडाभोवती पित्त उठतं तसे लाल चट्टे उठले, ओठ सुजला. आई बघत होती मैत्रीकडे, पण तिच्या तोंडातून हळूच नाव निघालं तुझं.

औषधाने चट्टे गेले, भीती कुठे जाते? आईने अंडं बंद केलं ते ठीकच. पण शेंगदाणा, मासळी, दही, सगळंच बंद! नुसती तांदळाची पेज आणि मुगाचं पाणी. मलाही तेच सोयीचं वाटत होतं.

कुडपणला तुझ्या मित्राच्या गावचं ते जेवण मी पाहिलं नाही, तरी अजून डोळ्यांसमोर आहे. भाताची लावणी संपली म्हणून त्याने सोड्याचं, वाळवलेल्या कोलंबीचं कालवण केलं होतं. त्याआधीही कोलंबी, सोडे खाल्ले की तुझा घसा खाजायचा, ओठ जाड व्हायचे. तू हसायचास. "काय नाय गो, मसाला तिखट हाय." का रे हसायचास? एकदा तरी डॉक्टरकडे जायचंस! त्या दुपारी ताटावरच तुला श्वास घेता येईना. भर पावसात जीप घाट उतरून पोलादपूरला पोचली तेव्हा तू नव्हतास. सगळे म्हणाले, हार्ट. वीर स्टेशनवरून रोज रिक्षा भरून आणणारा, तिशीही न गाठलेला माणूस, आणि हार्ट? पण आम्ही माना डोलावल्या.

मैत्रीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कुणाला खाण्यातून असा त्रास झाला होता का?" तेव्हा मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता खात्री करता येणार नाही. पण ऐकून अ‍ॅलर्जीच वाटते. म्हणून मामाचं ते भाचीला येईलच, असं नाही. अंडं सध्या घरी देऊ नका. पण भीतीने बाकी सगळं लांबवत राहिलात, तर त्याचीच अ‍ॅलर्जी व्हायची शक्यता वाढते. शेंगदाणा आपण इथेच देऊन बघू, माझ्यासमोर."

घरी आई बिथरली. "एक गेला माझा. आता हिला आपल्या हाताने घालवू? नाय देणार मी!" त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही. पण काल सकाळी आम्ही निघालो, तर आई आधीच चपला घालून दारात उभी.

भाजलेले दाणे अगदी मऊ वाटून पेजेत कालवून नेले होते. त्रास झालाच तर लगेच द्यायचं इंजेक्शन नर्सने ट्रेमध्ये हाताशी ठेवलं. आधी चमच्याच्या टोकावर थोडंसं. मग थांबलो. मग आणखी थोडं. मैत्री मिटक्या मारत वाटीच ओढायला लागली! तेवढ्यात तिच्या हनुवटीवर लाल रेघ दिसली आणि मी वाटी बाजूला ओढली. डॉक्टरबाईंनी पुसून पाहिलं, वाट पाहिली. आमच्या छोट्या बाईसाहेबांनी स्वतःच्याच नखाने ओरबाडून घेतलं होतं. आम्ही आणखी बराच वेळ बसून राहिलो. काही झालं नाही. दादा, काही झालं नाही!

मला रडू फुटलं. आई रडली नाही. तिने ट्रेमधल्या त्या इंजेक्शनकडे बोट दाखवलं. "बाई, माझ्या विजूला त्या दिवशी हे भेटलं असतं, तर वाचला असता?"

डॉक्टरबाई आईशेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "सांगता येत नाही, आजी. कदाचित."

तेव्हापासून आई त्या एका शब्दाला धरून बसली आहे. "जीप वाटंत थांबली व्हती का गो? मी तेव्हाच का नाय इचारलं कुणाला?" मला तरी कुठे माहीत आहे?

अंड्याचं अजून बाकीच आहे. ते पुढे कधीतरी, दवाखान्यातच. शेंगदाणा मात्र आता देत राहायचा. आज घरी पहिला चमचा मी भरवला. निम्मी पेज तिच्या झबल्यावर सांडली.

दादा, शब्द देते. घाबरून मैत्रीच्या तोंडचा घास काढून घेणार नाही. आईला तिच्या प्रश्नापाशी एकटं सोडणार नाही. आणि मैत्रीच्या फाइलमध्ये आता तू 'मामा, अ‍ॅलर्जीचा संशय' एवढाच उरला आहेस, पण तिला तुझी ओळख अशी करून देणार नाही. आधी सांगेन, पोहता येत नसताना तुझा मामा सावित्री नदीच्या पुरात शेजाऱ्यांची शेळी काढायला कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता, आणि वर आल्यावर त्या शेळीने त्यालाच ढुशी मारून चिखलात पाडलं होतं! ती पोटभर हसली, की मग बाकीचं सांगेन.

तुझी,
चिंगी