कोरड्या तलावाची मोजणी

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आपली घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि मी तुला टपालाने पत्र पाठवतेय. तू आधी पोस्टमनला वेड्यात काढशील, मग मला. शेवटपर्यंत वाच आणि मग काय तो तणतणाट कर.

परिषदेने पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायला घेतलाय. गावातली प्रत्येक सार्वजनिक सोय किती लोक वापरतात आणि ती स्वतःच्या पायावर किती दिवस उभी राहील, हे बघून काय ठेवायचं आणि काय नाही ते ठरणार आहे. त्यात तुझा पोहण्याचा तलाव बंद करून ती जागा शीतगृहाला द्यावी, असा प्रस्ताव आलाय. कारणं दोन. पाणी कोमट ठेवायला बंब दिवसभर जळण खातो, आणि जानेवारीत मोजणीच्या आठवड्यात पाचही दिवस एकही माणूस पोहायला आलेला नाही. तक्त्यावर पाच शून्यं एकाखाली एक बसलीत. मी तो तक्ता तीनदा उलटसुलट करून पाहिला.

आता नियम ऐक. ज्या सभासदाचा नातेवाईक अशा ठिकाणी नोकरीला असेल, त्याने निर्णय होईपर्यंत त्या नातेवाइकाशी या विषयावर तोंडी बोलायचं नाही. लेखी काही आलं-गेलं तर ते फायलीला लावायचं. तू गेली सव्वीस वर्षं तलाव सांभाळतोस, तेव्हा नातं लपवायची सोय नाही. २८ तारखेच्या सभेपर्यंत मी तुमच्याकडे पाऊल टाकणार नाही. वहिनीला सांग, रविवारी जेवायला माझी वाट बघू नको.

त्या आठवड्यात नक्की काय झालं ते लिहून कळव. चारचौघांनी वाचलं तरी चालेल, असं लिही.

तुझा लोभ मला कधी मागावा लागला नाही. या महिन्यापुरता मागते.

तुझी धाकटी बहीण


ता. ७ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

चारचौघे वाचणार आहेत, म्हणून खुलासा करतो. सभासदबाईंना घरात टिटवी म्हणतात, कारण लहानपणी पाण्यात पाय घालायच्या आधीच त्या किंचाळायच्या. त्यांना याच तलावात मी पोहायला शिकवलं. लाव हे फायलीला.

त्या आठवड्यात तलाव रिकामा होता. मीच केला होता.

मोजणीची नोटीस आली तेव्हा मला वाटलं, परिषदेची माणसं येणार, ती काही डोळे मिटून मोजणार नाहीत. कडेने फरश्यांवर हिरवट रेघ धरली होती. पाहुणे दारात आणि घरात केर, हे मला जमत नाही. म्हणून आदल्या आठवड्यात पाणी सोडून दिलं. दोन दिवस घासायला, चार दिवस भरायला आणि कोमट व्हायला, असा बेत होता. पण घासता घासता खोल बाजूची एक ओळ हाताला पोकळ लागली. ती उखडली. मग तिच्या शेजारची. एकदा उखडल्यावर तशी कशी सोडणार?

सोमवारी मोजणीच्या बाई दारात खुर्ची टाकून बसल्या, तेव्हा मी गमबूट घालून कोरड्या तळाशी फरश्या बसवत होतो. रोजची माणसं येत होती. गुडघे धरलेले म्हातारे शिंपी आले, अपघातानंतर पाण्यातच पुन्हा चालायला लागलेल्या शिक्षिका आल्या, शाळेच्या बावीस मुली रांगेने आल्या. सगळ्यांना मी हात जोडून दारातूनच परत पाठवलं. बाईंनी त्यातल्या कुणालाच धरलं नाही, कारण आत कुणी उतरलं नाही. मला वाटलं, पाणी नाही हे बाईंना दिसतंयच, वेगळं काय सांगायचं? मी त्यांना रोज दोनदा चहा दिला. फरश्या सुबक बसल्यात, असं त्या म्हणाल्यासुद्धा.

बंबाचं म्हणशील तर बेकरीवाला सहा वर्षं माझ्या मागे लागलाय. त्याची भट्टी आणि माझी पंपाची खोली यांच्यात एकच भिंत. ती इतकी तापते की ओले टॉवेल तासाभरात वाळतात. त्याचं म्हणणं, भिंतीला लागून पाण्याचा नळ फिरव, तुझं पाणी तापेल आणि माझी भट्टीची खोलीही जरा निवेल. मी त्याला सांगितलं, माझ्या पाण्याला तुझ्या पावाचा वास नको.

असो. तू परिषदेत आहेस, म्हणून मला झोप लागते. नऊ हातांतला एक हात आपला आहे.

रविवारी वहिनीने तुझं ताट घेतलंच होतं. माझा लोभ आहेच, तेवढा फायलीला लावू नये.

तुझा दादा


ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र एक दिवस माझ्या खणात पडून होतं. हे वाचून उद्या कुणी तुझी चौकशी लावली तर काय, या भीतीने मला ते कार्यालयात न्यावेना. मग वाटलं, हे एक दडवलं तर माझ्या बाकीच्या सगळ्या बोलण्याला काय अर्थ उरला? काल लावलं. पान एक्केचाळीस ते त्रेचाळीस. आमचा कारकून आता मला बघून टिटवीसारखा घसा साफ करतो.

दादा, तू मूर्खपणा केलास. दाराशी बसलेल्या बाईला एक वाक्य सांगायचं होतंस. सहा वर्षं बेकरीवाल्याचं ऐकायचं होतंस. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तूच त्याची चामडी लोळवली असतीस.

आणि तो हात मनातून काढून टाक. सभेत मी नातं सांगणार आणि मतदानाआधी उठून बाहेर जाणार. मागे राहतात आठ. चार तलावाच्या बाजूचे, चार शीतगृहाच्या. मतं समान पडली तर अध्यक्षांचं मत दुसऱ्यांदा धरतात, आणि अध्यक्ष शीतगृहवाले आहेत. म्हणजे काय होईल ते तुला कळतंय. मलाही कळतंय.

शीतगृहवाले दुष्ट नाहीत, हेही सांगते. भाजीवाल्यांच्या प्रतिनिधी असलेल्या बाई त्यांच्यात आहेत. दर आठवड्याला गाडीभर भाजी सडून फेकावी लागते. चाळीस जणांना काम मिळेल म्हणतात. त्यांना तलावाचा राग नाही. त्यांना ती पाच शून्यं दिसतात.

रागाव, पण जेवण सोडू नकोस. लोभ निम्मा झाला तरी तो असू दे.

तुझी बहीण


ता. १३ फेब्रुवारी

चि. सभासदबाईंस आशीर्वाद.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपली आजी म्हणायची. तेव्हा मला ते झाडाबद्दल वाटायचं.

शिंपीकाका आज पाण्यातून वर येताना म्हणाले, बहीण परिषदेत आहे म्हणजे आपल्याला काळजी नाही. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? ती त्या वेळेला व्हरांड्यात जाऊन बसणार आहे, असं सांगू? त्यांना जिना चढवत नाही, पण पाण्यात ते वीस फेऱ्या चालतात. तुझ्या नियमाला गुडघे नाहीत.

लोभाचं सध्या काही विचारू नकोस.

दादा


ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा संध्याकाळी तू दाराशी आलास. तीनदा कडी वाजवलीस. ओल्या चपलांवरून मी तुला ओळखलं, पायरीवर तू त्या पुसतोस तशा गावात कुणी पुसत नाही. मी दाराच्या आत उभी होते. माझा हात कडीवर होता. तू गेल्यावर मी तिथेच खाली बसले आणि खूप रडले. लागू दे हेही फायलीला.

दार उघडलं असतं तर समोरच्या घरातून दोघांनी बघितलं असतं. मग तलाव वाचला असता तरी लोक म्हणाले असते, भावाबहिणीने घरात बसून शिजवलं. पुढच्या वर्षी तोच प्रस्ताव दुप्पट जोराने आला असता, आणि तेव्हा तुझ्या बाजूने बोलायला कुणाला तोंड राहिलं नसतं. मला तलाव एका मतापुरता नकोय.

तू हे मानशीलच असं नाही. पण मी तुला टाकलं, असं मात्र समजू नकोस. तुझ्या लोभाशिवाय मला राहता येत नाही, हे तुला ठाऊक आहे आणि त्याचा तू फायदा घेतोस.

तुझी बहीण


ता. २६ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. तिचं म्हणणं, बहिणीला दाराआड रडवून आलास आणि वर फुशारकीने कडी किती वेळा वाजवली ते मोजतोस. नाही नाही म्हणता पत्र लिहायला बसलो.

काल बेकरीवाल्याकडे गेलो. माझं पाणी आणि त्याचा पाव, यांचं जमवायला मी तयार आहे, असं त्याला सांगितलं. तो इतका हसला की पीठ नाकात गेलं. त्याने लेखी दिलंय, सोबत जोडतो. पाण्याला पावाचा वास आला तर मी तक्रार करणार नाही, हेही माझ्या सहीनिशी घ्या. तलाव रिकामा करण्यात चूक माझी एकट्याची होती. मोजणीच्या बाईंना त्यासाठी कुणी बोल लावू नये.

लहानपणी तू काठ धरून पोहायचीस. मी वरून ओरडायचो, काठ सोड, काठ सोड. परवा सभेत तू बाहेर जाशील तेव्हा मी तक्रार कोणत्या तोंडाने करू? शिकवलं मीच.

तलाव पुन्हा काठोकाठ भरलेला आहे. तळाच्या नव्या ओळी वरून स्पष्ट दिसतात. परवा काय व्हायचं ते होवो, त्या तुला एकदा दाखवायच्या आहेत.

लोभ होता तेवढाच आहे. मधले काही दिवस तो फक्त चिडला होता.

तुझा दादा


ता. १ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

निकाल तुला शिपायाकडून कळलाच असेल, पण सगळं माझ्याकडून ऐक.

नातं सांगून मी बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आत अध्यक्षांनी फाईल पहिल्या पानापासून वाचायला लावली. दाराला कान लावायची गरज नव्हती, आमच्या कारकुनाचा आवाज तुला माहीत आहे. टिटवीच्या खुलाशाला सगळे खो खो हसले. शिंपीकाकांच्या गुडघ्यांना कुणी हसलं नाही. माझं रडणं त्याने भराभर वाचून संपवलं, त्याबद्दल त्याला एकदा चहा पाजीन.

वाचन संपलं. अचानक दार उघडलं आणि आठही जण माझ्याकडे न बघता जिना उतरून चालते झाले. सभा सोडून माणसं कुठे गेली, मला काही कळेना. वाटलं, संपलं सगळं, आता नुसता कागद निघायचा बाकी आहे. पाऊण तासाने सगळे परत आले. भाजीवाल्या बाईंच्या बाहीला पीठ लागलं होतं आणि अध्यक्ष तळहात चोळत होते. तेव्हा मला समजलं, ही मंडळी तुझ्या भिंतीला हात लावून आली.

मतं पाच विरुद्ध तीन. भाजीवाल्या बाई इकडे आल्या. बंब बंद करून सहा महिन्यांत बेकरीच्या भिंतीवरून नळ घ्यायचा. मोजणी पुन्हा करायची, या वेळी पाणी असताना. तुझ्या मोजणीच्या बाईंनी म्हणे स्वतःहून लिहून दिलं होतं, की तक्त्यात रकाना नसल्याने परत गेलेली माणसं त्यांनी मोजली नाहीत. आता तो रकाना घातलाय. शीतगृहासाठी बाजाराच्या मागची जागा बघायचीय, आणि ते काम मी मागून घेतलंय, कारण भाजी खरंच सडते. मोजणीत माणसं कमी भरली तर वर्षअखेरीला प्रस्ताव पुन्हा येईल. तलाव वाचलाय तो एवढाच.

तुला लेखी ताकीद आहे. परवानगीशिवाय तलाव रिकामा करायचा नाही. ताकीदपत्रावर माझी सही घेतली नाही, नाहीतर आनंदाने केली असती.

मोजणी सोमवारी सुरू होते. मी सकाळी सहाला येते. किंचाळेन बहुतेक, पण काठ धरणार नाही. नव्या ओळी तळाशी जाऊन बघेन. दाराशी बसणाऱ्या बाईंना आजच सांगून आले, मी घरची आहे, मला मोजू नका.

वहिनीला सांग, रविवारी माझं ताट घे. लोभ समोर बसून मागेन. हे पत्र फायलीला लागणार नाही.

तुझी टिटवी