शिगेचं माप आणि ठाण्याची तार

मुरबाड,
सोमवार, २१ ऑगस्ट २०००

तीर्थस्वरूप दामूमामांस,

मनस्वीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, टेम्पोचा क्लच आणि शकूमामीची दाढ कशी आहे ते कळवावं (हा क्रम मामीला वाचून दाखवू नये). खर्डीत काकडी यंदा बरी आली असं ऐकलं. माझी तब्येत ठीक आहे. झोप लागत नाही, पण ती मी तब्येतीत धरत नाही. हे पत्र काही मागण्यासाठी नाही, केवळ खुशालीसाठी आहे.

आमच्या भात संस्थेच्या सर्व सभासदांच्या नोंदी एका जुन्या संगणकाच्या डिस्कवर आहेत, हे तुम्हाला मागे सांगितलं होतं. त्या आता ठाण्याच्या मुख्य कचेरीत पोचवायच्या आहेत आणि त्यासाठी आम्हाला टेलिफोनची खास तार मिळाली आहे. तारेच्या कागदावर वेग लिहिला आहे चौसष्ट. जुन्या डिस्कच्या केबलीवर लिहिला आहे पाच. आमचे अध्यक्ष लडकूभाऊ यांनी दोन्ही आकडे वाचले आणि ठाण्याला फोन करून सांगितलं की येत्या रविवारी सगळ्या संचालकांसमोर नारळ फोडून मी बटण दाबीन आणि च्या थंड व्हायच्या आत माल तुमच्याकडे. मी म्हटलं, भाऊ, तसं होणार नाही. ते म्हणाले, "अगो, चौसष्ट मोठं का पाच मोठं? येवढं तर आमाला बी समजतं."

मामा, चौसष्ट आहेत किलोबिट आणि पाच आहेत मेगाबाइट. आठ बिट मिळून एक बाइट होतो, आणि मेगा म्हणजे किलोच्या हजारपट. हिशेब केला तर तार त्या जुन्या केबलीपेक्षा सहाशे पटींहून जास्त सावकाश आहे. अख्खी डिस्क तारेवरून जायला दीड दिवस लागेल, तोही मध्ये वीज गेली नाही तर. मुरबाडची वीज तुम्हाला माहीत आहे. ती गेली की काम पहिल्यापासून.

हे समजावण्यासाठी मी संचालकांच्या बैठकीत गोदामातून शेर आणि पायली नेली (ही माझी चूक. खडू आणि फळा न्यायला हवा होता). सांगितलं की तार शेराने मोजते, डिस्क दोन-दोन पायल्यांनी, म्हणजे आठ-आठ शेरांनी मोजते, म्हणून नुसते आकडे शेजारी ठेवून चालत नाही. सगळ्यांना पटलं. पाच मिनिटं मला फार बरं वाटलं. मग संचालक लहानीकाकूंनी विचारलं, "शेर सपाट का शिगेचा?" मला खोटं बोलता येत नाही. टेलिफोनवाल्यांचा हजार नेमका हजार असतो आणि संगणकाच्या हजारात वर चोवीस जास्त असतात, म्हणजे मापावर चढवलेली एक प्रकारची शीगच, असं मी सांगून टाकलं. त्यानंतर माझं कोणी ऐकलं नाही. "म्हंजे आपल्याकडनं शिगेनं घेनार आन तार देताना सपाट? व्यापाऱ्यानं जलमभर ह्येच केलं नाय का?" असा एकच गदारोळ झाला आणि ठाण्याने तार शिगेने भरून द्यावी असा ठराव एकमताने मंजूर झाला. तो टाइप मीच केला.

निघताना लडकूभाऊ म्हणाले, "पोरी, रविवारी काम झालं तर सोमवारी तुजी कायमची ऑर्डर. नाय झालं तर ठाण्याचा मानूस येनार तुज्या जागी." ते रागाने बोलले नाहीत. रागाने बोलले असते तर मला जास्त बरं वाटलं असतं.

मी उपाय काढला आहे. डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली (केबलीचा वेग पाचच, पण चार मिनिटं लागली नाहीत). ती नक्कल शनिवारीच ठाण्याला पोचली, तर तिथली संजीवनी, माझ्या वर्गातली, ती चढवून ठेवील. मग रविवारी तारेवरून फक्त नकलेनंतरच्या नोंदी पाठवायच्या. त्या खरोखरच चहा थंड व्हायच्या आत जातात. मी चहा ठेवून पाहिलं. अध्यक्षांचा शब्द खरा होईल आणि मला खोटं बोलावं लागणार नाही. सहज म्हणून सांगते, एखादा टेम्पो ही डिस्क घेऊन मुरबाडहून ठाण्याला तीन तासांत गेला, तर त्याचा वेग तारेच्या सुमारे बारा पट पडतो.

मामीस व पोरांस आशीर्वाद लिहिण्याएवढी मी मोठी नाही, तरी आठवण सांगावी.

तुमची भाची,
मनस्वी

ता. क. शनिवारी काकडी घेऊन कल्याणला जाताना तुम्ही मुरबाडवरून जाऊन पुढे ठाण्यापर्यंत जाल का? डिस्क मामीच्या मांडीवर ठेवावी, तुमच्या त्या मोठ्या स्पीकरांजवळ नाही. त्यांत लोहचुंबक असतं. गाणी येताना लावावी.

ता. क. दुसरा. ठाण्याच्या दारावर डिस्क किती म्हणून विचारलं तर "एक" म्हणावं. भात मोजताना पहिल्या मापाला म्हणता तसं "लाभ" म्हणू नये. ते लिहून घेतात.

ता. क. तिसरा. मी कायम झाले असं आईला गेल्याच महिन्यात सांगून बसले आहे आणि तिने पेढे वाटले आहेत. खोटं बोलता येत नाही असं वर लिहिलं आहे, ते सपाट मापाने घ्यावं. तुम्ही सहाच्या आधी पोचणार नाही हे मला माहीत आहे. मी पहाटे चारपासून नाक्यावर उभी असेन.