सरावाचे प्रेक्षक

शनिवार, ९ मे
सकाळी, घरून

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांची रांग. तब्येत बरी आहे हे वाचून बरं वाटलं. माझी ठीक आहे. घसा बसलाय, पण या वेळी भाषणांनी नाही, रस्त्यावरच्या धुळीने.

तू एकच गोष्ट विचारली आहेस. पहिल्या सामन्याच्या वेळी आलास तर बाबा घरात घेतील का? त्याचं उत्तर देते. आधी इकडची खबरबात सांगू दे.

शहर तुला ओळखू येणार नाही. फुटबॉलच्या स्पर्धेसाठी स्टेशनपासून स्टेडियमपर्यंतच्या सगळ्या भिंती फिक्या निळ्या रंगवल्यात, पण फक्त रस्त्याच्या बाजूने. खेळाडूंच्या बस जिथे वळणार तिथपर्यंत रंग, त्यापुढे पोपडे. आपल्या गल्लीत तो आपल्या दारापर्यंत येऊन थांबला. समोरचा न्हावी म्हणतो, "गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून न्हावी जेवायला गेलाय!" टॅक्सीवाल्यांना चार भाषांत स्वागत करायला शिकवलंय. ते चारही स्वागतं सगळ्यांना ऐकवतात, भाडं मात्र आपल्याच भाषेत सांगतात. चौकातली बाकं उचलून नेली, कारण बाकांवर माणसं बसतात आणि माणसं बसलेली चांगली दिसत नाहीत. यावर मी चौकात तासभर बोलले. टाळ्या कडाडून पडल्या. बाकं आली नाहीत.

आमच्या समितीचं काम चालू आहे. स्टेडियममागची वस्ती हलवू देणार नाही, हे मी आजही म्हणते आणि उद्याही म्हणेन. पाहुण्यांसाठी घरच्यांना परसात लपवणारं घर श्रीमंत असेल, घरंदाज नसतं. हे वाक्य चौकात चांगलं चाललं. आत्ता लिहिताना मात्र कुणीतरी दुसऱ्याने लिहिल्यासारखं वाटतंय. गेले दोन दिवस सगळंच असं वाटतं. चहा पिते, तो गरम आहे हे कळतं, एवढंच.

बाबांचं सांगते. स्टेडियम उभं राहत होतं तेव्हा त्यांनी तिकडे पाठच फिरवली होती. बाजाराला जातानाही लांबचा रस्ता घ्यायचे. जुन्या स्टेडियमच्या पूर्वेच्या फाटकावर त्यांनी उभा जन्म तिकिटं फाडली, आणि ते फाटक पाडायला त्यांचाच मुलगा मुकादम म्हणून गेला. 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' हे त्यांचं वाक्य तू विसरला नाहीस, मीही नाही. तू म्हणाला होतास, मी नाही तर दुसरा कुणी पाडणारच. तेही खोटं नव्हतं. पण आपल्या घरात खरं बोलून कधी कुणाचं भांडण मिटलंय?

मग झेंडे लागले आणि म्हातारा विरघळला. न्हाव्याकडे जाऊन कुठला संघ कुठे उतरणार याच्या चर्चा करू लागला. आणि मागच्या आठवड्यात जाहीर झालं की सामन्यांआधी स्टेडियम भरून बघायचंय. दारं, जिने, नळ, सगळं माणसांच्या गर्दीत चालतं का ते तपासायला नागरिकांनी प्रेक्षक म्हणून येऊन बसायचं. मैदान रिकामं, खेळ नाही, नुसते प्रेक्षक. बाबांनी दोघांची नावं देऊन टाकली.

"भोंग्या, गुरुवारी क्रांतीला सुट्टी दे. माझ्याबरोबर चल." तू ठेवलेलं ते नाव तू गेल्यावर त्यांनीच चालू ठेवलं.

"बाबा, मी त्या स्पर्धेविरुद्ध बोलते. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाई म्हाताऱ्या बापाला धरून आली. याहून वाईट काय म्हणतील?"

गेले. मी तुझं पत्र पर्समध्ये घेऊन गेले. बुधवारी त्यांना दाखवलं नाही. स्टेडियममधून खुशीत बाहेर पडतील तेव्हा वाटेत वाचून दाखवू, असा माझा बेत होता. वेळ साधून बोलणं हाच तर माझा धंदा.

दारात फिरते लोखंडी दांडे आहेत. तिकीट दाखवलं की दांडा आपोआप फिरतो. बाबा तिथेच अडले. मागे रांग तुंबली. "हे माझ्याकडे बघतच नाही," म्हणाले. "मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचो." मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, लग्न जमवायचंय का त्याच्याशी?" बाबा हसले आणि आत शिरले.

आम्हाला पूर्वेचा सज्जा मिळाला. जुनं फाटक पाडून तू बांधलेला. मला ते माहीत होतं. त्यांना माहीत होतं की नाही, हे मला माहीत नाही. बसायच्या आधी ते वाकले आणि बोटांची हाडं पायरीवर दोनदा वाजवली, दार ठोठावतात तशी. "पक्कं आहे," म्हणाले आणि बसले. यातून तू काही काढू नकोस. मीही काढत नाहीये.

पिवळ्या जाकिटातली एक बाई कर्णा घेऊन पुढे उभी होती. "गोल झाला! उठा! ओरडा!" की सगळ्यांनी उठून ओरडायचं. समोर नुसतं हिरवं गवत. आयुष्यभर मी लोकांना ओरडायला लावलं, तिथे हुकुमावरून स्वतः ओरडले. बाबांना केवढी मजा! ते तर पंचाला शिव्याही देऊ लागले. "अहो, पंच कुठाय?" शेजारच्या बाईंनी विचारलं. "म्हणूनच देतोय," बाबा म्हणाले.

मधूनमधून ज्यांच्या दंडाला लाल पट्टी बांधलेली, ती माणसं ठरल्याप्रमाणे कोसळायची. मग स्ट्रेचरवाले धावत यायचे, उचलून न्यायचे, आणि लोक टाळ्या वाजवायचे. तोही सरावच.

आणखी एक गोल झाला. सगळे उठले. बाबा उठले नाहीत. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, दमून टेकल्यासारखं.

स्ट्रेचरवाले लगेच आले. त्यांची काही कसूर नव्हती, हे मी कुणासमोरही सांगेन. पहिल्याने बाबांचा दंड बघितला आणि मला विचारलं, "पट्टी कुठे पडली?" मला 'हे खरं आहे' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. धाकट्या, मी तोंड उघडलं आणि आतून काहीही आलं नाही. मग त्याने नाडी धरली आणि त्याचा चेहरा बदलला. ते बाबांना घेऊन जिन्यावरून धावले, मी मागून. दोन्ही बाजूंनी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एकाने शिट्टी मारली. "म्हातारा काय झकास पडलाय!" असं कुणीतरी म्हणालं. टाळ्या थांबवायला हात वर करायचा असतो, ते मला इतक्या वर्षांच्या सवयीने येतं. हात वर झाला नाही.

डॉक्टर म्हणाले, तिथेच संपलं होतं. घरच्या खुर्चीतही झालं असतं.

शुक्रवारी समितीचे सचिव आले. डोळे पुसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, रागावू नका, पण स्पर्धेने घेतलेला हा पहिला बळी आहे. रविवारी चौकात सभा लावू. तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

मी नाही म्हणाले. बाबा तिथे हौसेने गेले होते आणि हसत होते. आमच्याकडे खऱ्या मुद्द्यांचा दुष्काळ नाही, की बापाचा खोटा मुद्दा करावा. सचिव म्हणाले, तुम्ही आज शुद्धीवर नाही. नसेन.

तुला फोन दोनदा लावला. तू "हॅलो, कोण?" म्हणालास, मी ठेवला. ती मीच होते.

आता तुझा प्रश्न. बाबा घरात घेतील का, हे मला कळलं नाही आणि आता कळणार नाही. तुझं पत्र त्यांनी पाहिलं नाही. शेवटी तुझं नाव घेतलं का, असं तू विचारशील. नाही घेतलं. मी ठरवलं तर इतकं सुंदर सांगू शकते की तू जन्मभर त्यावर जगशील, आणि ते खोटं असेल. त्यांच्या वतीने माफ करायचा अधिकार मला नाही. माझ्या वतीने सांगते: मला या घरात तू हवा आहेस.

बाबा अजून रुग्णालयात, थंड खोलीत आहेत. लोक म्हणतात, मुलाची वाट किती बघणार, उरकून घ्या. मी उद्या दुपारपर्यंत मुदत मागून घेतली आहे. इतकी वर्षं मागण्या केल्या, ही पहिलीच मागितल्याबरोबर मिळाली.

हे पत्र न्हाव्याच्या भावाच्या हाती पाठवते आहे. काही सांगायचं नाही, अशी त्याला तंबी दिली आहे, म्हणून तो तुझ्या दारात खाली बघत उभा असेल. त्याची गाडी रिकामी आहे. रात्रीपर्यंत इथे पोचाल. कपड्यांचा विचार करू नकोस, बाबांचे सदरे तुला होतील.

एका बाजूला मी खांदा देणार आहे, ते ठरलंय. दुसरी बाजू मी अजून कुणालाही दिलेली नाही.

घरात एकटी उरलेली,
तुझी ताई