फलक मोठ्याने वाचून दाखवावा

दि. ४ नोव्हेंबर, सोमवार
पत्नी आज तिसऱ्यांदा म्हणाली, वरचं तळं एकदा बघून येऊ. एक डिसेंबरपासून तळ्याची वाट पाच वर्षांसाठी बंद होणार आहे. उद्यानात मी एकतीस वर्षे रखवालदार होतो. त्यांपैकी अकरा वर्षे आम्ही तळ्याकाठच्या चौकीत संसार केला. तिचे म्हणणे रास्त आहे.

अडचण एकच, आणि ती या पानाखेरीज कोणालाही ठाऊक नाही. माझी नजर गेली आहे. पुरती नव्हे — माणूस कळतो, अक्षर कळत नाही. हे लिहितो ते हाताच्या सवयीने.

दि. ५, मंगळवार
तळ्यावर जाण्याच्या परवान्याची अट अशी : सत्तरीपुढील अर्जदाराने फाटकावरील सूचनाफलक पहारेकऱ्यासमक्ष मोठ्याने वाचून दाखवावा. ही अट मीच वरिष्ठांना सुचवली होती. एक वयस्क गृहस्थ दरीकडे भरकटले आणि सापडल्यावर म्हणाले, पाटी दिसलीच नाही. माझी सूचना तेव्हा सर्वांना पटली. मलाही पटली होती.

अर्ज पत्नीच्या नावाने करता येईल. ती अडुसष्टची आहे. परंतु एकतीस वर्षांचा रखवालदार बायकोच्या परवान्यावर आत गेला, असे फाटकावर बोलले जाईल. ते होणे नाही.

दि. ७, गुरुवार
कार्यालयात जाऊन आलो. चष्मा घरी राहिला असे सांगून अर्ज पत्नीकडून भरून घेतला. टेबलावरील बाईंनी उद्यानाच्या इतिहासाचे छापील पत्रक दिले. मला! येथे दगडाची खाण होती. खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी साचले, लोक त्याला तळे म्हणू लागले. मग सरकारने कुंपण घालून प्रादेशिक उद्यान जाहीर केले. कुंपणाचे पहिले खांब रोवणाऱ्यांत मी होतो. हे सर्व बाईंना सांगितले. "हो का आजोबा? इथे सही करा," म्हणाल्या. कोठे, ते दोनदा विचारावे लागले.

दि. ८, शुक्रवार
फलक मी स्वतः रंगवलेला आहे. नऊही नियम स्नान करताना म्हणून पाहिले. चूक नाही.

दि. १२, मंगळवार
फाटकावर गेलो. पहारेकरी माझ्याच हाताखाली तयार झालेला. "काका, तुमच्याकडून काय वाचून घ्यायचं? जा तुम्ही," म्हणाला. नियम माणूस पाहून बदलत नाही, असे मी त्याला सुनावले. तेथे गप्प बसलो असतो तर बरे झाले असते.

हात मागे बांधले, फलकाकडे तोंड केले आणि नऊही नियम खणखणीत म्हटले. कोठेही अडखळलो नाही.

मग पहारेकरी हळूच म्हणाला, "काका, ही पाटी उन्हाळ्यात बदलली. आता पाचच नियम आहेत."

पत्नी पुढे झाली. तिने बोट ठेवून, सावकाश, पाचही वाचले. पहारेकऱ्याने मान खाली घालूनच परवाना तिच्या नावाने केला. माझे नाव 'सोबत आणलेली व्यक्ती' या रकान्यात गेले. त्या रकान्यात मी नोकरीभर लहान मुले लिहिली.

चढावर तिने माझी बाही धरून ठेवली. चौकी पाडली आहे, जोते तेवढे उरले आहे, असे तिने सांगितले. थोड्या वेळाने म्हणाली, "पाणी तसंच आहे."

दि. १३, बुधवार
आजचा मजकूर मी सांगतो, ती लिहिते. मागील पाने तिच्यापुढे ठेवली. ओळीवर ओळ चढली आहे, एक शब्द लागत नाही, असे ती म्हणाली. म्हणून चार तारखेपासूनचे सर्व मी पुन्हा सांगितले आणि तिने या नव्या वहीत उतरवून घेतले. दोन ठिकाणी तिचे पेन थांबले. कोणत्या, ते मी विचारले नाही.