टोकं कापलेला आवाज

१० नोव्हेंबर, सोमवार

फिजिक्सच्या सरांच्या लेक्चरच्या रेकॉर्डिंगमध्ये आज पुन्हा तीच खरखर. आमच्या कोचिंग क्लासचे स्टार. भंवरकुआंच्या चौकात होर्डिंगवर हाताची घडी घालून उभे असतात. कॉलर माइकचा गेन, म्हणजे आवाज पकडायची ताकद, त्यांनी स्वतःच फुल केला आहे आणि कोणी खाली करू नये म्हणून नॉबवर चिकटपट्टी लावून ठेवली आहे. पुन्हा सांगितलं: आवाज इतका वर नेला की लाटेची टोकं कापली जातात, ॲपवर मुलांना खरखर ऐकू येते. म्हणाले, "मैडम, आवाज में दम होना चाहिए. खरखर आप देख लो, इसी की तो तनखा है." पहिल्या बाकावरची पोरं हसली.

बघते आहे खरखर.

१२ नोव्हें., बुध.

काल सकाळच्या बॅचमधल्या एका मुलीला काढलं. सायली, बऱ्हाणपूरची, मागच्या गल्लीतल्या हॉस्टेलवर राहते. कारण: सरांना शिवी दिली. फळ्याजवळ बोलावलं होतं, तिथे. दोनशे मुलं बसली होती, कोणी काही ऐकलं नाही म्हणतात.

दुबेजी (सेंटर मॅनेजर) दुपारी खोलीत आले. तिच्या वडिलांना त्यांनी फोनवर आधीच सांगून टाकलं आहे की रेकॉर्डिंग खराब आहे, काही कळत नाही. आता मी मेलवर एक ओळ लिहून द्यायची: रिकव्हर होऊ शकत नाही.

मी म्हटलं, ऐकल्यावर लिहीन.

"सुनना क्या है? आप ही तो रोज बोलती हो, इनकी फाइल खराब रहती है."

हे मात्र खरं. रोज म्हणते. आणि रोज दुरुस्त करून देते.

१३ नोव्हें., गुरु.

मंगळवारची फाइल उघडली. सरांचा आवाज स्क्रीनवर पाहायलासुद्धा वाईट. वर-खाली दोन्हीकडे सपाट, विळीने कापल्यासारखा. सॉफ्टवेअर कापलेली टोकं आजूबाजूच्या लाटेवरून भरून काढतं. टोक लहान असेल तर बरोबर भरतं. मोठं असेल तर तो अंदाज असतो, आवाजासारखा दिसणारा.

मग तिचा आवाज. सर श्वासाला थांबतात तिथे तिथे. माइकपासून दोनेक हात लांब असेल. हळू बोलते आहे. तिची लाट पूर्ण, कुठे एक टोक कापलेलं नाही. गेन फुल नसता तर इतक्या लांबचा आवाज पकडलाच गेला नसता. दोनदा तपासलं.

सरांनी अवतल, म्हणजे अंतर्वक्र, आरशाचं नाभीय अंतर प्लस घेतलं होतं.

"सर, यहाँ माइनस आएगा."

"तू पढ़ाएगी मुझे?"

"नहीं सर. अवतल है, इसलिए पूछा. मेरा सवाल गलत नहीं है."

एवढंच. यानंतर सर ओरडतात ते जवळजवळ सगळं सपाट. आणि ती चालत जागेवर जाते, चपलांचा आवाज येतो.

माइनसच येतं.

१४ नोव्हें., शुक्र.

सायलीला चहाच्या गाडीवर भेटले. बारीक, चष्मा, बोलताना समोरच्याकडे सरळ बघते. आधी दीदी म्हणाली, मी मराठीत बोलले तेव्हा ताई. वडील मंगळवारी येणार आहेत. माफीनामा लिहून दिला तर बॅचमध्ये परत, नाहीतर सामान घेऊन घरी. तिला धक्का त्याचा नाही. बाबा फोनवर म्हणाले, "बोलली असशील रागात, मागून टाक माफी, वर्ष वाचेल."

"बोलली असशील म्हणाले, ताई. मी काय बोलले ते मला माहीत आहे."

तिचे शब्द स्वच्छ आहेत हे सांगितलं. मग तिने विचारलं, त्यानंतर सर तिच्या आईबद्दल जे बोलले ते रेकॉर्डिंगमध्ये येतं का. नाही येत. सॉफ्टवेअरने तिथे जे भरलं आहे ते त्या शब्दांसारखं वाटतं, पण सांगितल्यावर वाटतं. मी तिथे 'अस्पष्ट' लिहिणार.

"म्हणजे तुम्हीपण त्यांच्याच बाजूच्या."

चहा अर्धा टाकून गेली. तिच्यावर माझा विश्वास आहे. तो फाइलमध्ये घालता येत नाही.

१५ नोव्हें., शनि.

शनिवारी कच्च्या फाइली पुसायच्या, हे माझंच काम. पुसल्या. मंगळवारची सोडून.

दुबेजींनी संध्याकाळी विचारलं, सगळं साफ? मी म्हटलं, एक ठेवली आहे. का ते विचारलं नाही त्यांनी. मग म्हणाले, आप समझदार हो, इज्जतदार घर की लड़की हो. याचा फाइलशी काय संबंध ते कळलं नाही. तसं विचारलंसुद्धा.

१६ नोव्हें., रवि.

पोहे खाताना घरी सांगितलं. आईचं एकच: "तू जास्ती होशियारी नको करू. अजून परमनंट पण नाही झाली तू. त्या मुलीचे माय-बाप बसलेत ना?" बाबांनी सेव वाढून घेतली. वीज कंपनीत आयुष्य गेलं त्यांचं, मीटर खोटा म्हणणारे रोज यायचे.

"मनू, जितकं रीडिंग आहे तितकंच बोल. त्यात वरचं काही नको मिळवू. आणि खालचं काही नको सोडू."

आई म्हणाली, घ्या, आता हे पण चालू झाले.

१८ नोव्हें., मंगळ.

दुबेजींची केबिन. सायली, तिचे वडील (बँकेत आहेत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं), मी. सर आले नाहीत, क्लास होता. टेबलावर कोरा कागद आणि माफीनाम्याचा मजकूर तयार.

मी लॅपटॉप घेऊन गेले होते. कोणी बोलावलं नव्हतं. दुबेजी म्हणाले, मैडम, अभी नहीं. मी स्पीकर जोडला. आधी मूळ फाइल, मग साफ केलेली, म्हणजे मी काही घातलं असं कोणी म्हणायला नको. कुठे सॉफ्टवेअरने भरलं आहे आणि कुठे मला स्वतःला कळत नाही, तेही सांगितलं. मेल वाचून दाखवला: मुलीचं प्रत्येक वाक्य ऐकू येतं, त्यात शिवी नाही. सरांची काही वाक्यं अस्पष्ट आहेत, कारण माइकचा गेन. मेल दुबेजींना आणि डायरेक्टरांना, दोघांना. सकाळीच गेला आहे.

वडिलांनी तिचा भाग पुन्हा लावायला सांगितला. मान खाली घालून ऐकलं. मग तो कोरा कागद चौघडी करून खिशात ठेवला, पेनांच्या मागे.

"हिचा आवाज असाच आहे," म्हणाले. "घरी पण असाच."

सायली रडेल असं वाटलं होतं. तिने नाक पुसलं आणि मला विचारलं, अस्पष्ट म्हणजे 'बोलले नाहीत' असं तर नाही ना? नाही, म्हटलं. बोलले, इतकं ओरडून की माइकला पेललं नाही. तेही मेलमध्ये आहे.

दुबेजी: "ऊपर से पूछकर बताएँगे." सायलीबद्दल आणि माझ्याबद्दलही.

१९ नोव्हें., बुध.

वरून काही नाही. माझं कार्ड गेटवर अजून चालतं.

क्लासच्या आधी चिकटपट्टी काढली. डिंक राहिला होता, नखाने खरवडला. गेन निम्म्यावर. सर आले, नॉब पाहिला, हात पुढे केला.

"सर, इसको हाथ मत लगाइए."

पहिला बाक हसला नाही. सरांनी हात मागे घेतला, मी मीटर बघत होते. मग त्यांनी माइकमध्ये विचारलं, आवाज आ रही है? मागून हो आलं. काटा लालमध्ये गेला नाही.

सायली बाहेर बाकावर बसली आहे, वही मांडीवर. वडील रात्रीच्या बसने गेले, ती गेली नाही. आत ये किंवा जा, कोणीच म्हटलेलं नाही.

रेकॉर्डिंग चालू असताना दार बंद हवं, हा नियम माझाच. आज उघडं ठेवलं.